लेण्यात कसं वागायचं यावरनं ग्रुपशी वाद घालायचा असेल तर

नाणेघाटला म्हणा किंवा कुठल्याही लेण्यावर, ग्रुप निघाला की एक वाद ठरलेला, आणि तो नेमका लेण्याच्या दारात होतो, जिथे सगळे दमलेले, भुकेले आणि कोणीतरी आधीच लाकडं गोळा करून बसलेलं. तिथे भांडूच नका. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर खिचडी की मॅगी हे ठरतं ना, तेव्हाच चूल कुठे मांडायची तेही ठरवून टाका.

"आपला वारसा" वगैरे भाषण सुरू केलंत की समोरचा म्यूट करतो. भिंतीवर काय आहे ते सांगा. नाणेघाटच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा, त्यात यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी) सगळं आकड्यांत मांडलंय, इतके जुने आकडे आपल्याकडे फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. मागच्या भिंतीवरच्या राजघराण्याच्या मूर्ती कधीच्या गेल्या, वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. अशा भिंतीवर काजळी धरली की झिजलेली अक्षरं आधी दिसेनाशी होतात, आणि काजळी घासायला गेलं की अक्षरांचे काठ पण जातात. एवढं सांगितलं की चूल बाहेर जाते, बहुतेक वेळा तरी.

मग येतो अभ्यासू मेंबर. हा जास्त डेंजर, कारण त्याचा हेतू चांगला असतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून तो खडू भरतो. त्याला नाही म्हणायच्या आधी टॉर्च द्या, भिंतीला चिकटवून बाजूने तिरपी मारायला सांगा, खाचेत सावली पडते आणि पुसट अक्षर पण वाचता येतं, फोटोही खडूपेक्षा भारी येतो.

"पूर्वीच्या लोकांनी पण नावं कोरलीच की" हा हुकमी मुद्दा येणारच. तेव्हा कार्ल्याच्या चैत्याचा, म्हणजे तिथल्या बौद्ध प्रार्थनागृहाचा, विषय काढा. तिथल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची (म्हणजे परदेशी, बहुधा ग्रीक लोकांची) नावं आहेत हे खरं, पण त्यांनी ते खांब दान दिलेत! खांबाचा खर्च उचल, मग कोर बाबा. आपला बदाम-बाण बसतो तो जॉन स्मिथच्या लायनीत, त्या साहेबाने 1819 साली अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेण्यात चक्क चित्रावर नाव खरडलं. आणि "दगडाला काय होतंय" वाल्याला कायदा सांगा, संरक्षित स्मारक खराब केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एका ठिकाणी मात्र आपणच गप्प बसायचं असतं. कार्ल्याला चैत्याच्या दारातच एकवीरा आई आहे, कोळी बांधव नवस फेडायला येतात, त्यांना ट्रेकरने शिस्त शिकवणं शोभत नाही. गावातल्या वीरगळीला (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला) शेंदूर लावणाऱ्या आजींशी पण वाद नको. तीच वीरगळ ऑइल पेंटने रंगवायचा घाट घातला गेला तर सरपंचांना गाठून शांतपणे बोला, चार लोकांसमोर नाही.

अनोळखी पोरं कोरताना दिसली तर "दादा, हे काय लिहिलंय माहितीये का" म्हणून शेजारचा लेख दाखवा, आवाज न चढवता. ऐकलं नाही तर पहारेकरी असेल तिथे त्याला सांगा. आणि त्यांनी कोरलेलं स्वतः घासून काढू नका, नुसता फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.