व्हिडिओवर गाणं-तबला शिकताना: विद्यार्थ्यांसाठी सूचना

समोरासमोर बसल्यावर गुरुजींचा सूर तुमच्या कानापर्यंत तीन मीटरचं अंतर कापून येतो. त्याला साधारण 9 मिलिसेकंद लागतात, म्हणजे जाणवतही नाहीत. व्हिडिओवर तसं होत नाही. पुणे ते न्यू जर्सी सरळ अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. इंटरनेट कितीही भारी असलं तरी 60 मिलिसेकंद प्रवासातच जातात. त्यावर आवाजाचं पॅकिंग, सर्व्हर, वाय-फाय आणि समोरचं अनपॅकिंग. सगळं मिळून एका बाजूने 150 ते 300 मिलिसेकंद सहज होतात. दोघंही पुण्यातच असलात तरी हे पॅकिंग-अनपॅकिंग चुकत नाही.

गाण्यात याचा अर्थ काय होतो तो बघा. एका बाजूचा उशीर 200 मिलिसेकंद धरा. गुरुजींनी सम (तालाची पहिली मात्रा) घेतली, ती तुम्हाला 200 नंतर ऐकू आली, तुम्ही तिच्यावर सम घेतली, ती परत जायला आणखी 200. त्यांच्या कानात तुमची सम 0.4 सेकंद मागे पडली. मिनिटाला 120 मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे तुम्ही जवळजवळ एक मात्रा मागे. तुमच्या घरी मात्र सगळं बरोबर जुळलेलं असतं. दोघंही खरे, आणि चूक कुणाचीच नाही. पहिल्या महिन्यातले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

म्हणून या शिकवणीचा पाया एकच: एका वेळी एकानेच गायचं किंवा वाजवायचं, आणि जो गातो त्याच्याच खोलीत तानपुरा आणि ठेका चालू ठेवायचा. ठेका आणि आवाज एकाच माइकमधून निघाले की उशीर दोन्हींना सारखाच होतो, त्यामुळे पलीकडे ते जुळलेलेच पोचतात. गुरुजी तिकडून हाताने ताल देताहेत आणि तुम्ही त्यावर गाताय, ही पद्धत व्हिडिओवर चालत नाही. विलंबित एकतालात चार सेकंदांची मात्रा असताना कदाचित निभावून जाईल, पण द्रुतला नाहीच.

तानपुरा

तानपुऱ्याचं ॲप आणि व्हिडिओ कॉल एकाच फोनवर लावू नका. कॉल सुरू झाला की कित्येक फोन दुसऱ्या ॲपचा आवाज बंद तरी करतात किंवा दाबतात. तसं झालं नाही तरी फोनची प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा स्वतःच्या स्पीकरचा आवाज माइकमधून वजा करत राहते, त्यामुळे तुम्हाला तानपुरा छान ऐकू येतो आणि गुरुजींना तुटक. घरातला जुना फोन किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा यासाठी वापरा. तो कॉलच्या फोनपासून दोन हात लांब ठेवा. आवाज इतकाच की तुम्ही मंद्रात उतरलात तरी तो तुमच्यावर चढणार नाही.

पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर सा धरायचा तो सूर, आधी ठरवून घ्या. शिक्षक काळी एक आणि विद्यार्थिनी काळी चार, ही नेहमीची जोडी. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार, त्यामुळे त्यांचा तानपुरा चालू राहिला तर तुमचा कान त्यांच्या पंचमालाच षड्ज मानून बसतो आणि नंतर सा हलतो. तुमची पाळी आली की त्यांचा तानपुरा बंद आणि तुमचा चालू, हे दोन्ही बाजूंनी सवयीने व्हायला हवं. पट्टी एकच असली तरी दोन तानपुरे एकत्र नकोत. दोघांत एका हर्ट्झचा फरक असला तरी सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते.

पेटी जुनी असेल तर ती 440 हर्ट्झच्या प्रमाण मापावर असेलच असं नाही. गुरुजींना फक्त षड्ज धरायला सांगा, तुमच्याकडे ट्यूनर ॲपवर किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते बघा आणि तुमच्या तानपुऱ्याच्या फाइन ट्यूनिंगमध्ये तेवढा फरक घाला. कॉलमधून लय बिघडते, स्वराची उंची नाही, त्यामुळे हे माप विश्वासाचं असतं.

सेटिंग: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

ही ॲप्स मिटिंगमधल्या बोलण्यासाठी बनली आहेत. त्यांच्या लेखी सलग चालणारा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा. तानपुरा असाच असतो. लांबवलेला षड्जही तसाच. म्हणून आठ-दहा सेकंद सा धरला की तो पलीकडे विरत जातो आणि गुरुजी म्हणतात, "श्वास पुरत नाहीये का?" श्वास पुरतोय, ॲप कापतंय.

झूमवर सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा. त्याच्या खाली 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' असतो, इंटरनेट चांगलं असेल तर तोही चालू करा. 'इको कॅन्सलेशन' मात्र इअरफोन लावले असतील तरच बंद करा, नाहीतर गुरुजींना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. नुसतं सेटिंग करून भागत नाही. मिटिंगमध्ये शिरल्यावर वर 'ओरिजिनल साउंड' असं बटण दिसतं, ते 'ऑन' आहे ना ते दर वेळी बघा. मोबाइलवर हेच मेनू वेगळ्या जागी आहेत, तिथे 'मोअर'मध्ये शोधा.

'ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम' ही खूणही काढा. ती असली की तुम्ही हळू गायलात की ॲप आवाज वाढवतं, तार षड्जावर गेलात की कमी करतं. तुमच्या गाण्यातला चढ-उतार सपाट होऊन जातो. खूण काढल्यावर तुमच्या सगळ्यात मोठ्या स्वरावर मीटर तीन चतुर्थांशाच्या आसपास राहील अशी माइकची पातळी लावा.

गूगल मीटवर ऑडिओ सेटिंगमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' दिसलं तर ते बंद. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडून 'माइक मोड'मध्ये 'वाइड स्पेक्ट्रम' निवडा. 'व्हॉइस आयसोलेशन' तबल्यासाठी तर घातकच, कारण त्याला तबला म्हणजे शेजाऱ्याची ठोकाठोक वाटते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये झूमसारखी संगीतासाठीची सेटिंग नसतात, त्यामुळे तो कॉल बोलण्यापुरता ठेवा, तालमीला नको.

ॲपची ही आवाजाची सफाई बंद केली की खोलीतलं सगळं जसंच्या तसं जातं. छताच्या पंख्याने आवाजाला एक थरथर येते, जी पलीकडे गमकेसारखी ऐकू येते. तो तासभर बंद ठेवा. कुकरचं वेळापत्रकही घरात सांगून ठेवा.

इअरफोन

तारेचाच घ्या. ब्लूटूथ दोन प्रकारे त्रास देतो. आधीच असलेल्या उशिरात आणखी भर घालतो. आणि त्याचा माइक चालू झाला की बरेच इअरफोन जुन्या फोनच्या दर्जावर उतरतात, आवाजातलं वरचं सगळं तेज जातं. तार असलेला साधा इअरफोन याहून चांगला. एकाच कानात घाला, दुसरा मोकळा ठेवा. दोन्ही कान बंद करून गायलं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस नकळत सूर सोडतो. शिवाय बाजूला ठेवलेला तानपुरा मोकळ्या कानानेच ऐकायचा आहे.

बसणं आणि कॅमेरा

गाणाऱ्याने आसनावर बसावं आणि फोन छातीच्या उंचीवर, साधारण एक मीटरवर ठेवावा. पाटावर चार जाड पुस्तकं हा उत्तम स्टँड. चौकटीत डोक्यापासून मांडीपर्यंत दिसायला हवं. गुरुजींना नुसता चेहरा नको असतो, जबडा किती उघडतो, खांदे चढतात का, मांडीवर ताल देणारा हात लयीत आहे का, हे त्यांना बघायचं असतं. खिडकी पाठीमागे नको, समोर.

तबल्यासाठी कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून, जरा तिरका खाली बघणारा ठेवा, म्हणजे दोन्ही हातांची बोटं आणि दोन्ही पुड्या दिसतील. फोन डग्ग्याच्या बाजूला नको, नाहीतर मनगट बोटं झाकतं. अंतर दोन-तीन फूट. याहून जवळ ठेवलात तर चाटेवरचा 'ना' माइक फाडतो. डग्ग्याची घुमार पलीकडे नीट पोचली तरी गुरुजींच्या फोनच्या स्पीकरला ती वाजवता येत नाही. घिस्सा (डग्ग्यावर मनगट घासून काढलेला आवाज) ऐकायला त्यांनाही इअरफोन लागतो, हे एकदा नम्रपणे सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट. स्वतःचं चित्र पडद्यावर आरशासारखं उलटं दिसतं, पलीकडे मात्र सरळ जातं. तबल्याच्या विद्यार्थ्याला ते फार गोंधळात टाकतं. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'मिरर माय व्हिडिओ' बंद करा.

तास सुरू झाल्यावर

दहा मिनिटं आधी जोडून घ्या आणि तानपुऱ्यावर गळा तापवत बसा. फोन फ्लाइट मोडवर टाकून मग वाय-फाय चालू करा. 'डू नॉट डिस्टर्ब' पुरेसं नाही, कारण आलेला फोन कॉलचा माइकच ओढून घेतो.

गुरुजी गाताना तुमचा माइक बंद. हे फक्त शिष्टाचारासाठी नाही. दोन्हीकडून एकाच वेळी आवाज आला की ॲप एकाला दाबतं. तुमच्या नुसत्या "हं"ने किंवा भरून आलेल्या "वाहवा"ने त्यांच्या तानेचा मधला तुकडा गायब होतो, आणि नेमका तोच तुम्हाला शिकायचा असतो. दाद मान डोलावून द्या. माइक बंद असताना त्यांच्याबरोबर खुशाल गा. तुमच्या कानात ते जुळतंच, आणि उशिराचा प्रश्न येत नाही. वर्गात सातआठ जण असतील तर हीच मोठी सोय आहे: सगळे एकदम गातात, कुणाचा कुणाला त्रास नाही. मग एकेकाने नंबराने माइक उघडून एकट्याने म्हणायचं.

माइक उघडल्यावर लगेच सुरू करू नका. एक श्वास घ्या, तानपुरा तिकडे पोचू द्या, मग उचला. आवर्तन संपलं की थांबा आणि एक-दोन सेकंद गप्प राहा. गुरुजींनी "थांब" म्हटलं तरी ते तुमच्यापर्यंत येईस्तोवर तुम्ही पुढची ओळ घेतलेली असते. त्यावर उपाय म्हणजे हाताच्या खुणा: पंजा दाखवला की थांब, बोट फिरवलं की पुन्हा तेच, तळवा खाली की लय कमी. चित्रालाही उशीर होतोच, पण खुणेने कुणाचा आवाज कापला जात नाही.

फुकटच्या झूम खात्यावर मिटिंग 40 मिनिटांनी तुटते. 38व्या मिनिटाला नवी तान मागू नका.

तुटायला लागलं तर

आधी व्हिडिओ बंद करा, आवाज चालू ठेवा. नुसत्या आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. पूर्ण व्हिडिओ सेकंदाला 1 मेगाबिटने धरला तर तासाला एका बाजूचे 450 एमबी होतात. मोबाइल डेटावर असाल तर येण्याचे-जाण्याचे दोन्ही मोजा. स्पीड टेस्ट करताना डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका, तुमचा आवाज अपलोडने जातो.

राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर 5 गिगाहर्ट्झऐवजी 2.4 वर जा, किंवा सरळ राउटरच्या खोलीत बसा. वीज जाणाऱ्या भागात राउटरला लावायचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो. घरभराच्या इन्व्हर्टरपेक्षा स्वस्त पडतो आणि तास वाचवतो.

आवाजाचे तुकडे हरवले की ॲप ती फट अंदाजाने भरतं. बोलण्यात ते खपून जातं, मींडेत नाही: पंचमावरून गंधारावर येताना मध्येच पायरी पडल्यासारखी ऐकू येते. गुरुजी तुम्ही न केलेली चूक दुरुस्त करायला लागले असं वाटलं तर वाद घालू नका. दुसऱ्या फोनवर तीच ओळ ध्वनिमुद्रित करून तासानंतर पाठवा. त्यात चूक असेल तर ती तुमची.

गुरुजींच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मात्र आधी विचारूनच. दिलेली बंदिश तुमच्या रियाजासाठी असते, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी नाही.

परदेशातून शिकणाऱ्यांसाठी वेळ

भारतात घड्याळ बदलत नाही, तुमच्याकडे बदलतं. रविवारी सकाळी 7 ची शिकवणी न्यू जर्सीत हिवाळ्यात शनिवारी रात्री 8:30 ला येते आणि उन्हाळ्यात 9:30 ला. अमेरिकेत बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, युरोप-ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या आठवड्यांत निरोप पाठवताना वेळेपुढे 'भारतीय' असा शब्द लिहा. आणि गुरुजींनी सकाळचा भैरव सुरू केला तर तुमच्या खिडकीबाहेर रात्र आहे म्हणून यमन मागू नका, तिकडे चहा झालेला असतो.