गच्चीतली काकडी कडू होऊ नये म्हणून

काकडी कडू निघाली की पहिली शिवी बियाणेवाल्याला बसते. मी मात्र आधी विचारते, "पाणी कसं घालता?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "माती वाळली की." घोटाळा तिथेच आहे. आज कोरडी ठणठणीत माती आणि वर रणरणतं ऊन, उद्या बादलीभर पाणी, असा ताण बसला की फळात कुकुरबिटासिन साठतं. कडवटपणा त्याचाच.

पुण्यात मी जानेवारी संपता संपता बी टोचते. चवीला पूना खिरा किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पांढरट हिमांगी. कुंडी निदान 15 इंची, आणि तीत एकच वेल. दोन लावायचा मोह आवराच. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत सढळ हाताने, सोबत मूठभर निंबोळी पेंड. वर उसाच्या पाचटाचा नाहीतर वाळक्या पाल्याचा जाड थर. पाणी रोज सकाळी बुडाशी, एप्रिल तापला की संध्याकाळीही. पानं भिजवू नका, त्यांच्यावर केवडा नावाचा रोग येतो. वेल सुतळीवर चढवायचा, म्हणजे फळं सरळ लोंबतात.

आधी नुसती नर फुलं येऊन गळतात. घाबरू नका, मादी फुलं मागून येतात. त्यांच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी आधीच असते, त्यामुळे ओळखायला सोपं. उंच मजल्यावर मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नऊच्या आत एक नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. परागकण अर्धवट पोचले तर काकडी एका टोकाला फुगते आणि दुसऱ्या टोकाला सुकते. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवते, फळमाशीला डंख मारायला जागाच ठेवायची नाही.

तोडणीत कंजुषी नको. फूल उमलल्यापासून साधारण आठवड्यात काकडी कोवळी असते, तेव्हाच कात्रीने देठासकट कापायची. "अजून जरा वाढू दे" म्हणत ठेवलेली एक काकडी पुढच्या चारांचं बळ खाते. खाताना देठाकडचा तुकडा कापून टाका, कडू अंश तिथे जास्त असतो. टोक चोळून फेस काढायचा सोपस्कार मीही करते, पण तो सवयीने.

पानाआड लपून एखादी जून झालीच, तर बिया काढून किसावी आणि थालीपिठात घालावी.