बाळाच्या अनुबंधाचे निरीक्षण कसे करावे: मेरी एन्सवर्थ यांची पद्धत

बाळ आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील अनुबंध, म्हणजे भावनिक जवळीक, समजून घ्यायचा असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून आधी त्या घरात जाऊन बसावे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी हेच केले. लंडनमध्ये अनुबंधाचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम केल्यानंतर १९५४ मध्ये त्या युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या २६ कुटुंबांकडे दुभाष्यासह कित्येक महिने जात राहिल्या. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोरमध्येही त्यांच्या गटाने २६ कुटुंबांना बाळाच्या पहिल्या वर्षात दर तीन आठवड्यांनी, सुमारे चार-चार तासांच्या भेटी दिल्या. भेट इतकी लांब ठेवावी, कारण पाहुण्यासमोरचा संकोच ओसरून घरातली रोजची कामे सुरू होण्यास वेळ लागतो.

टिपणात गुणवर्णन नको, घडलेले लिहावे. ‘आई प्रेमळ आहे’ यातून काहीच कळत नाही. ‘बाळ रडू लागले, आईने हातातले काम ठेवून त्याला उचलले, रडणे थांबले’ यातून पुष्कळ कळते. रांगत दूर गेलेले बाळ मागे वळून कोणाकडे पाहते, दूध पाजणे कधी थांबवायचे हे कोण ठरवते, याही नोंदी कराव्यात.

एन्सवर्थ यांचा प्रसिद्ध ‘अनोळखी परिस्थिती’ प्रयोग ही या घरभेटींनंतरची पायरी होती. साधारण वर्ष-दीड वर्षाचे मूल, खेळण्यांची खोली, एक अनोळखी व्यक्ती आणि आठ छोटे प्रसंग, ज्यांत आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परतते. येथे नवखा निरीक्षक हमखास चुकतो: तो रडणे मोजत बसतो. पाहायचे असते ते पुनर्भेटीत. आईकडे जाऊन सावरणारे आणि पुन्हा खेळाकडे वळणारे मूल सुरक्षित मानले जाते. मग ते मधल्या काळात कितीही रडलेले असो. दुसऱ्या गटातले, परतलेल्या आईकडून तोंड फिरवणारे मूल शांत दिसते आणि मोठ्यांना ते शहाणे वाटते, पण पुढील अभ्यासांत अशा मुलांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. जवळ येऊनही रागाने प्रतिकार करणारे, लवकर न सावरणारे मूल तिसऱ्या गटात येते. हा प्रयोग प्रशिक्षणाशिवाय करू नये आणि त्यावरून आईला दोष तर मुळीच देऊ नये.

एक सूचना मात्र घरभेटीपूर्वीच लक्षात घ्यावी. युगांडातील बाळे परतलेल्या आईचे स्वागत टाळ्या वाजवून करत, मिठी मारून नव्हे. म्हणून आपण ज्या समाजात निरीक्षण करणार, तेथे भेटीचा आनंद कसा व्यक्त होतो, हे आधी शिकून घ्यावे.