सलूनमध्ये टिप देताय? या चुका टाळा

चार वर्षं मी एकाच सलूनमध्ये, एकाच मुलीकडून केस कापून घेत होते. दर वेळी काउंटरवर बिल भरताना शंभर रुपये जास्त टाकायचे आणि सांगायचे, "हे तिला द्या हं." गेल्या दिवाळीआधी मी तिला सहज म्हटलं, "तुझे पैसे काउंटरवर ठेवते नेहमीसारखे." तिचा ड्रायर धरलेला हात थांबला. आरशातूनच माझ्याकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, काउंटरवरचं आमच्यापर्यंत येत नाही." आवाजात तक्रार नव्हती, मला ठाऊक असेलच असं समजून ती बोलत होती. त्या चार वर्षांतली एकही नोट तिच्या हातात पडली नव्हती.

तेव्हापासून मी जिथे जाते तिथे हा विषय काढते. स्टायलिस्ट, हेल्पर, गल्लीतल्या सलूनमधले कारागीर, पार्लर चालवणाऱ्या बायका, सगळ्यांशी बोलले. "टिप किती द्यायची?" हे सगळे विचारतात, पण पैसे वाया जातात ते बहुतेक कुणाला आणि कशी दिली यातल्या चुकांमुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

काउंटरवर दिली म्हणजे पोचली, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि यूपीआय आल्यापासून ती फार वाढली आहे. पूर्वी खिशात सुट्टे असायचे, उठता उठता नोट हातात सरकवली जायची. आता काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन होतो आणि पैसे मालकाच्या किंवा कंपनीच्या खात्यात जातात. बिल ८५० चं आणि तुम्ही ९५० भरले, तर ते वरचे शंभर कुणाचे हे रात्री हिशेब करताना कुणाच्या लक्षात राहतं? काही ठिकाणी ते तुमच्या नावावर ॲडव्हान्स म्हणून पडून राहतात. काही ठिकाणी दिवसाच्या गल्ल्यात मिसळून जातात.

काही सलूनमध्ये नीट व्यवस्था असते, हेही खरं. टिपचा डबा असतो आणि महिनाअखेरीस सगळ्यांत वाटणी होते, किंवा बिलातच टिपची वेगळी ओळ असते. आपल्या सलूनमध्ये यातलं काय आहे हे कळायला एकच मार्ग, ज्याने केस कापले त्यालाच विचारायचं: "इथे टिप तुमच्यापर्यंत कशी पोचते?" खुर्चीत बसल्या बसल्या, हळू आवाजात विचारा. मला आजवर कुणी या प्रश्नाने अवघडलेलं दिसलं नाही, उलट चेहरा खुलतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय रोख. मी पर्सच्या आतल्या कप्प्यात पन्नासाच्या चार-पाच नोटा घडी करून ठेवते, त्या दुसऱ्या कशालाही वापरत नाही. रोख नसेल आणि समोरची व्यक्ती स्वतःचा क्यूआर दाखवायला तयार असेल तर तिथे पाठवा, शेऱ्यात "टिप" लिहा. मात्र काही सलूनमध्ये कर्मचाऱ्यांना स्वतःच्या फोनवर पैसे घ्यायची बंदी असते. तिथे आग्रह धरलात तर तिची नोकरी अडचणीत येऊ शकते. शिवाय यूपीआयवर तुमचं नाव, कधी कधी नंबरही समोरच्याला दिसतो. ते नको असेल तर पुढच्या वेळी रोख न्या आणि तसं तिला सांगून ठेवा.

केस धुणाऱ्या हाताला विसरणं

हायलाइट्सच्या कामाला तीन-साडेतीन तास लागतात. स्टायलिस्ट भाग पाडून रंग लावते, पण फॉइल कापून हातात देणं, रंगाची वाटी कालवणं, मध्येच उघडून बघणं, शेवटी केस धुणं, हे सगळं हेल्पर करते. मागच्या वेळी माझे केस धुणारी मुलगी जेमतेम वीस वर्षांची असेल. पाणी माझ्या डोक्यावर सोडायच्या आधी तिने ते दर वेळी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलं. तिची नखं कडेने तपकिरी झालेली होती, अंगठ्याजवळची कातडी सोललेली. हातमोजे होते, पण कपाळावरचा रंग पुसताना ते घालून चालत नाही, डाग नीट निघत नाही, असं ती म्हणाली.

या मुलींना बहुतेक वेळा ठरावीक पगार असतो. स्टायलिस्टला कामाच्या रकमेवर इन्सेंटिव्ह मिळतो, हेल्परला तो नसतो किंवा नावापुरता असतो. आपण उठतो तेव्हा समोर स्टायलिस्ट उभी असते, म्हणून टिप तिच्याच हातात जाते. स्टायलिस्टने त्यातला वाटा हेल्परला द्यावा असं आपल्याला वाटतं, पण तसा नियम नाही. त्यामुळे दोन वेगवेगळ्या नोटा, दोन वेगवेगळ्या हातांत. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी हा लेख लिहिल्याचं मला समाधान वाटेल.

सगळीकडे एकच टक्केवारी लावणं

आपल्याकडे टिपची ठरलेली टक्केवारी नाही, आणि ती आणूही नये असं माझं मत आहे. १२० रुपयांच्या कटिंगवर दहा टक्के म्हणजे १२ रुपये होतात, आणि ७,००० च्या केराटिनवर (केस मऊ-सरळ करणारी ट्रीटमेंट) ७००. त्या ७,००० मध्ये मोठा हिस्सा रसायनाचा असतो, हाताच्या कामाचा नव्हे. मी पुण्यात जो हिशेब लावते तो सांगते, पटला तर घ्या.

गल्लीतल्या सलूनमध्ये १०० ते १५० ची कटिंग असेल तर वर १० ते २० रुपये. ४०० ते ९०० रुपयांच्या हेअरकटला स्टायलिस्टला ५० ते १००, आणि केस दुसऱ्याने धुतले असतील तर त्याला ३० ते ५०. रंग, स्मूदनिंग, केराटिन अशा लांबलचक कामाला बिल कितीही येवो, स्टायलिस्टला २०० ते ३०० आणि हेल्परला १०० ते १५०. घरी येऊन काम करणाऱ्या मुलीला ५० ते १००, कारण ती मशीन, वॅक्सचा हीटर, टॉवेल असं सगळं ओझं घेऊन चार मजले चढून आलेली असते. ॲपवरून बोलावलं असेल तर ॲपमध्येही टिपची सोय असते, पण मी हातातच देते. सोबत पाणी विचारा, दुपारची वेळ असेल तर चहा. दिवसभर घरोघर फिरणाऱ्या बाईला बाथरूम वापरायचं आहे का हेही आपणहून विचारा.

हातात पैसे कमी असतील तर कमी द्या, नसतील तर देऊ नका. टिप ही खुशी आहे. न दिल्याबद्दल कुणी तोंड वाकडं केलं किंवा मागेच लागलं, तर सलून बदलायला हरकत नाही.

सवलतीच्या बिलावर हिशेब करणं

मंगळवारी अर्ध्या दरात, मेंबरशिपवर मोफत, वाढदिवसाचं कूपन. बिल कमी झालं म्हणून टिपही कमी करणारे पुष्कळ आहेत. कात्री मात्र तेवढाच वेळ चालली. सवलत दिली मालकाने, आणि काही ठिकाणी स्टायलिस्टचा इन्सेंटिव्हही त्या घटलेल्या रकमेवरच मोजतात. म्हणजे तिचं आधीच कमी झालेलं असतं. मूळ दर डोळ्यासमोर ठेवून द्या.

बिलावरच्या जीएसटीचाही इथेच गोंधळ होतो. "एवढा टॅक्स दिला, आता टिप कशाला" असं म्हणणारे भेटतात. तो कर सरकारजमा होतो, कापणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात अजून १८ टक्के दिसत असतील तर जरूर विचारा.

टिपच्या ऐवजी सीरम विकत घेणं

ही चूक करणारे लोक मनाने चांगले असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. काम झाल्यावर स्टायलिस्ट म्हणते, "मॅडम, केस फार कोरडे आहेत, हे सीरम घ्या." आपल्याला नको असतं. पण तिने दोन तास मेहनत घेतली, तिला विक्रीचं टार्गेट असेल, नाही कसं म्हणायचं, म्हणून १,२०० रुपयांची बाटली आपण घरी आणतो. ती न्हाणीघरातल्या फळीवर उघडून पडते. त्या बाटलीवर स्टायलिस्टला मिळतं ते थोडं, आणि तेही महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं तरच, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. "सीरम नको, पण हे तुझ्यासाठी," असं म्हणून शंभराची नोट दिलीत तर तिला पूर्ण शंभर मिळतात आणि तुमचे अकराशे वाचतात.

कटिंग बिघडली तरी गप्प राहून टिप देणं

आपल्या लोकांना तोंडावर सांगणं जड जातं. पुढचे केस जास्तच आखूड झालेत, एक बाजू लांब राहिली आहे, आरशात दिसतंय, तरी "छान, छान" म्हणत आपण नोट देतो आणि परत त्या सलूनची पायरी चढत नाही. स्टायलिस्टला वाटतं काम आवडलं. गिऱ्हाईक का तुटलं हे तिला कधीच कळत नाही.

टॉवेल काढायच्या आधी सांगा. मागचा आरसा मागून घ्या, मान हलवून दोन्ही बाजू बघा आणि नेमकं बोट ठेवा: "ही बट कानाखाली अर्धा इंच लांब आहे." "कसंतरीच वाटतंय" यावर कात्री चालवता येत नाही. घरी गेल्यावर, केस एकदा धुतल्यावर चूक लक्षात आली तर दोन-चार दिवसांत फोन करा. किरकोळ दुरुस्ती बहुतेक चांगली सलून्स पैसे न घेता करून देतात. दुरुस्तीला गेल्यावर पुन्हा टिप द्यायची गरज नाही. पहिल्या वेळी राग आला म्हणून दिली नसेल आणि दुरुस्ती मनापासून झाली असेल, तर मात्र तेव्हा द्या.

रंगाचा सगळा घोळ झाला असेल तर तो विषय टिपचा राहत नाही. मॅनेजरशी बोला, बिलाचा फोटो ठेवा. हेल्परने तिचं काम नीट केलं असेल तर तिचे पन्नास रुपये थांबवू नका.

परदेशातली सवय इकडे, इकडची तिकडे

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या आपल्या लोकांची तिथे हमखास अडचण होते. तिकडे सलूनमध्ये १५ ते २० टक्के टिप गृहीतच धरलेली असते. ६० डॉलरचा हेअरकट असेल तर ९ ते १२ डॉलर, आणि केस धुणारी व्यक्ती वेगळी असेल तर तिला दोन ते पाच डॉलर निराळे. टक्केवारी कर लागायच्या आधीच्या रकमेवर काढायची. कार्डाच्या मशीनवर १८, २०, २५ अशी बटणं पुढे येतात, ती कधी करासकट रकमेवर मोजलेली असतात. स्वतः आकडा टाकायचं बटणही तिथेच असतं, ते वापरा. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात मालकाने द्यायचा किमान दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा, आणि कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं मालकाला पूर्ण किमान वेतन द्यायला लावतात. शिवाय बरेच स्टायलिस्ट सलूनमधली खुर्ची भाड्याने घेऊन काम करतात. या सगळ्यामुळे "पुढच्या वेळी बघू" तिकडे चालत नाही.

ब्रिटनमध्ये साधारण दहा टक्के दिले जातात. जपानमध्ये टिपची पद्धतच नाही, दिलीत तर नम्रपणे परत करतील. आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्यांनी इथे केराटिनवर वीस टक्के मोजायची गरज नाही, वरचा हिशेब पुरतो.

मालक स्वतः कापतो, मग काय द्यायचं?

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मालकच कात्री चालवत असेल किंवा सोसायटीतल्या ताई घरातच पार्लर चालवत असतील, तर दर वेळी टिप द्यायची अपेक्षा नसते. बिलाचे पूर्ण पैसे लगेच द्या, उधारी ठेवू नका, घासाघीस करू नका. त्या सलूनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर कारागीर असेल तर त्याचं वेगळं. तो बहुतेक निम्म्या वाट्यावर काम करतो. शंभरातले पन्नास त्याचे. आणि श्रावणात, जेव्हा आपल्याकडे अर्धा गाव केस-दाढी वाढवतो, तेव्हा त्याच्या निम्म्याचंही निम्मं होतं. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर त्या महिन्यात त्याच्याकडे जा आणि नेहमीपेक्षा दहा-वीस रुपये जास्त द्या.

वर्षाच्या कामाचं एकदाच मान राखून द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गावात नाभिकाला बलुतं मिळायचं, वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीला धान्यात. शहरात आली ती दिवाळीची पोस्त. ती देतानाही एक चूक होते. आपण ऐन दिवाळीच्या गर्दीत जातो, चार माणसं रांगेत असतात, कारागिराला मान वर करायला फुरसत नसते आणि पाकीट गल्ल्यापाशी ठेवून आपण निघतो. वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधीचा एखादा सकाळचा वार बघा, सोमवार सोडून, कारण सोमवारी बहुतेक सलून बंद असतं. पाकिटावर प्रत्येकाचं नाव लिहा. नाव माहीत नसेल तर आधी विचारून घ्या. माझे केस कापणाऱ्या त्या मुलीचं नाव मी चार वर्षांत विचारलं होतं, हेल्परचं नव्हतं. या दिवाळीला हेल्परच्या नावाचं पाकीट पहिलं भरलं.