को-ऑप गेमचा एक्सक्लुझिव्ह करार कसा पारखावा

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमध्ये चार-सहा जणांनी मिळून गेम बनवायला घेतला आणि त्याचा नमुना लोकांच्या नजरेत भरला, तर "हा फक्त आमच्याच प्लॅटफॉर्मवर आणा, आगाऊ रक्कम देतो" असा प्रस्ताव समोर येऊ शकतो. गेम एकट्याने खेळायचा असेल तर हा निव्वळ पैशाचा व्यवहार ठरतो. को-ऑप, म्हणजे मित्रांनी एकत्र मिळून खेळायच्या, गेमचा ग्राहक मात्र मित्रांची चौकडी असते (सहकारी म्हटले की आपल्याकडे आधी साखर कारखाना आठवतो, म्हणून को-ऑपच म्हणू), त्यामुळे प्रस्ताव त्याच मापाने मोजावा लागतो.

समजा, करार फक्त पीसीपुरता आहे आणि तुमच्या संभाव्य खेळाडूंपैकी दहात सात जणांकडे गेम चालेल असा पीसी आहे. एकट्याच्या गेमला 70 टक्के गिऱ्हाईक खुले राहते. पण चौघांकडेही पीसी असण्याची शक्यता 0.7 चा चौथा घात, म्हणजे जेमतेम 24 टक्के भरते. मित्र एकमेकांचे पाहून यंत्र घेतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा इतका खाली जात नाही, आणि तो किती वर राहतो हे विचारल्याशिवाय कळत नाही. वसतिगृहाच्या एखाद्या खोलीत जाऊन बसावे: एकाकडे लॅपटॉप, दुसऱ्याच्या घरी जुना पीएस4 (सोनीचा प्लेस्टेशन 4 हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र), तिसऱ्याकडे केवळ मोबाइल. तेथे "तुला गेम आवडला का" यापेक्षा "तू रात्री कोणाबरोबर खेळतोस आणि त्यांच्याकडे काय आहे" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

त्यानंतर रकमेचे स्वरूप तपासावे. आगाऊ मिळणारी किमान हमीची रक्कम पुढील विक्रीतून वळती होणार असेल, तर ती बीडच्या ऊसतोड मजुराने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखीच असते: हाती आज येते, पण फिटेपर्यंत नवी कमाई हातात पडत नाही. वळती न होणारी रक्कम वेगळी लिहून घ्यावी.

मुदत आणि व्याप्ती यांवर सर्वाधिक वेळ खर्च करावा. 'बॉर्डरलँड्स 3' सप्टेंबर 2019 मध्ये पीसीवर केवळ एपिकच्या स्टोअरमध्ये आला आणि सहा महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, स्टीमवर पोहोचला (दोन्ही पीसी गेमची ऑनलाइन दुकाने). कन्सोलवर मात्र तो पहिल्या दिवसापासून होता. अडवले गेले ते एक दुकान होते, यंत्र नव्हे, आणि लहान चमूनेही याच पातळीचे बंधन मागावे असे माझे मत आहे. 'सी ऑफ थीव्ह्ज' 2018 पासून 2024 पर्यंत प्लेस्टेशनवर नव्हता, पण तो एक्सबॉक्स कन्सोल बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचाच गेम. घरच्या गेमला घरचे यंत्र खपवायचे असते, तुम्हाला ते ओझे वाहण्याचे कारण नाही. मुदत प्रकाशनाच्या दिवसापासून मोजली जाते आणि प्रकाशन लांबले तरी करारातील अंतिम तारखेला संपते, असे कलम असावे.

खात्याच्या सक्तीचे कलम सहज नजरेतून सुटते. 'हेलडायव्हर्स 2' फेब्रुवारी 2024 मध्ये पीएस5 आणि पीसीवर एकाच वेळी आला, परंतु मे महिन्यात पीसीच्या खेळाडूंना प्लेस्टेशनचे खाते जोडणे सक्तीचे करण्याची घोषणा झाली. ज्या देशांत ते खाते उघडताच येत नाही, तेथील खेळाडू बाहेर फेकले जाणार होते, आणि प्रचंड विरोधानंतर काही दिवसांतच सोनीला माघार घ्यावी लागली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये तोच गेम एक्सबॉक्सवरही आला. म्हणून नंतर लादल्या जाणाऱ्या खात्याला तुमची लेखी संमती आवश्यक ठेवावी, आणि मुदत संपल्यावर वेगवेगळ्या यंत्रांवरील मित्रांना एकत्र खेळता यावे यासाठी क्रॉसप्लेचा हक्क राखून ठेवावा. ती तांत्रिक सोय पहिल्या दिवसापासूनच सर्व्हरमध्ये बांधावी; मागाहून ठिगळ लावणे महागात पडते.

शेवटचे कलम मालिकेचे. दुसऱ्या भागावर 'पहिला नकाराधिकार' (म्हणजे तो इतरांच्या आधी त्यांनाच देऊ करण्याची अट) मागितला गेला, तर त्यांना उत्तर देण्यासाठी 30 दिवसांची मर्यादा घालावी, आणि पहिल्या भागातील खेळाडूंची प्रगती दुसऱ्या भागात कोणत्याही यंत्रावर नेण्याचा हक्क आपल्याकडेच ठेवावा.