ग्राहकाने ब्लॉगवर तक्रार लिहिली, आता कंपनीने काय करायचे?

डेलच्या लॅपटॉपने दिलेला मनस्ताप जेफ जार्व्हिस या पत्रकाराने जून २००५मध्ये आपल्या ब्लॉगवर मांडला. ब्लॉगवर कंपनी गप्प राहिली. मग इतर ग्राहकही लिहू लागले आणि प्रकरण नियतकालिकांत छापून आले. डेलने स्वतःचा ब्लॉग काढला तो थेट जुलै २००६मध्ये. मात्र त्याच महिन्यात, जपानमध्ये पेटलेल्या लॅपटॉपबद्दल कंपनीने त्या ब्लॉगवर स्वतःहून लिहिले. ऑगस्टमध्ये ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. तोवर वर्ष गेले होते. ते आपले जाऊ नये.

तक्रार दिसली की आधी बिल आणि दुरुस्तीच्या नोंदी काढा. उत्तर त्याच दिवशी, तक्रार जिथे आहे तिथेच, माणसाच्या नावाने द्या. समजा, मिक्सरचे भांडे गळते आहे:

“नमस्कार. मी सेवा विभागाचा प्रमुख. तुमचे भांडे दोनदा दुरुस्त करूनही तळाशी गळते, हे आमच्या नोंदीत आहे. चूक आमची आहे. गुरुवारपर्यंत नवे भांडे पोचेल. नाही पोचले तर मला थेट फोन करा.”

खाली नाव आणि कार्यालयाचा नंबर. ग्राहकाचा फोन किंवा पत्ता तिथे चुकूनही लिहू नका.

घोडे बहुतेक वेळा मंजुरीत अडते. मसुदा जाहिरात विभागाकडे जातो, तिथून वकिलांकडे, मग साहेबांकडे. चार दिवस सहज जातात. म्हणून एकाच माणसाला, उदाहरणार्थ पाच हजार रुपयांपर्यंतची वस्तू न विचारता बदलून देण्याचा अधिकार आधीच लेखी देऊन ठेवा. अधिकार नसलेला माणूस “आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत” एवढेच लिहू शकतो, आणि त्याने लोक आणखी चिडतात.

लेख काढून टाका म्हणू नका. स्क्रीनशॉट निघालेला असतो. खोट्या नावांनी स्वतःची स्तुती तर मुळीच नको. वाक्यांच्या ठेवणीवरूनच ती ओळखू येते.

वस्तू बदलून दिल्यावर त्याच जागी तारखेसह तसे नोंदवा. तीन वर्षांनी तुमचे नाव शोधणाऱ्याला जुनी तक्रार सापडणारच, तिच्याखाली निकालही दिसायला हवा. आणि महिन्याभरात तिघांनी तीच गळती लिहिली, तर दुरुस्ती केंद्रावर थांबू नका. कारखान्याला कळवा, गळती रोखणाऱ्या सीलची ती बॅच तपासून होईपर्यंत बाजूला काढायला लावा.