आज्जी अचानक वेगळी वागायला लागली? आधी साखर बघा

सकाळी व्यवस्थित बोलणारी आज्जी दुपारी ताटावरनं उठते आणि म्हणते, "मला माझ्या घरी सोडा." कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्याच घरात तिची चाळीस वर्षं गेलेली असतात. घरात लगेच चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं म्हातारचळ लागला, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे, नारळ उतरवून टाका. आज्जीला शुगर असेल तर ही चर्चा आधी थांबवा. विसराळूपणाचा जुना आजार महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आलेला बदल हा शरीरातल्या बिघाडाचा असतो, आणि त्यातलं सगळ्यात घाईचं कारण म्हणजे साखर उतरणं.

पहिलं काम: वाद न घालता बोट टोचा

साखर उतरली की घाम, थरथर, धडधड होते हे बहुतेकांना माहीत असतं. पण मधुमेह जुना झाला की हे इशारे बोथट होतात. ब्लडप्रेशरसाठी दिलेल्या काही गोळ्याही धडधड झाकून टाकतात. मग गडबड थेट डोक्यात दिसते. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेले आबा सुनेवर ओरडतात, सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा लावत बसतात, बोलताना जीभ जड होते. घाम मात्र बऱ्याचदा येतोच, म्हणून मानेमागे हात लावून कॉलर ओली आहे का बघा.

टोचण्याआधी बोट धुऊन कोरडं करा. बोटाला गूळ किंवा केळं चिकटलेलं असेल तर साखर मोजायचं मीटर खोटा जास्त आकडा दाखवतं. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोका. घरात मीटर नसेल किंवा पट्ट्या संपल्या असतील तर शोधाशोध करू नका. माणूस शुद्धीवर आहे, नीट गिळतोय, एवढं पाहून सरळ साखर द्या. साखर वाढलेली असताना चुकून तीन चमचे पोटात गेले तर फार बिघडत नाही. उतरलेली असताना दिली नाही तर जिवावर बेततं.

दुसरं काम: योग्य गोड, योग्य मापात

सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्यात ढवळून पाजा. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, कारण त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच परत द्या.

इथे एक गोष्ट घराघरांत राहून जाते. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का पाहा. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी बरेच जण घेतात. व्होग्लिबोज साधी साखर पचू देत नाही, त्यामुळे साखर, गूळ, काकवी यांचा असर रेंगाळतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच लागते. औषधाच्या दुकानात सहज मिळते, एक डबा फ्रिजवर ठेवून द्या.

आणि हो, पेला तोंडापाशी नेलात की आज्जी म्हणणारच, "मला शुगर हाय, आणि तू साखर पाजालायस व्हय?" डोकं थाऱ्यावर नसताना समजावणं व्यर्थ. ती ज्याचं ऐकते त्या नातवाला पुढे करा. "आज्जी, डॉक्टरांनीच सांगितलंय, दोन घोट घे" एवढं पुरतं.

बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरेची चिमूटसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

साखर उतरलेली नसेल तर

मीटरवर आकडा न येता 'हाय' (HI) आलं, तर बहुतेक मीटरमध्ये त्याचा अर्थ ६०० च्या वर. असा माणूस काही दिवस सारखा लघवीला जात असतो, तोंड कोरडं पडतं, मग झोपाळू आणि भ्रमिष्ट होतो. त्याला लगेच दवाखान्यात न्या. घरी इन्सुलिनचा डोस आपल्या मनानं वाढवू नका.

आकडा ठीक असेल तर हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा. तोंड वाकडं, एक हात खाली घसरतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी पक्षाघात समजून निघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून "शेवटी ठीक कधी पाहिलं" ती वेळ लक्षात ठेवा.

यातलं काहीच नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसात लघवीचा जंतुसंसर्ग ताप किंवा जळजळ न होताही बडबड सुरू करतो. लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे पाण्याच्या गोळीनं रक्तातलं सोडियम घसरतं. मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो. मोरीत पडल्याचं आज्जीनं लपवलं असेल, तर डोक्यातला रक्तस्राव काही आठवड्यांनीही बाहेर दिसतो. पडली होती का, हे शेजारणीलाही विचारा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या नाहीतर खासगी दवाखान्यात, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. "पांढरी छोटी गोळी" सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

साखर वर आल्यावर

माणूस ताळ्यावर आला म्हणून सुटलो असं नाही. भाकरी-भाजी किंवा दूध-बिस्कीट असं पोटभरीचं लगेच द्या. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीनं साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरते, मूत्रपिंड अधू असेल तर जास्तच. म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, बरेचदा दाखल करून लक्ष ठेवावं लागतं. रात्री एकटं झोपवू नका.

मग कारण शोधा. रविवारी इन्सुलिन साडेबाराला टोचलं आणि पांढरा रस्सा उकळेपर्यंत दोन वाजले, असं कोल्हापुरात कुठल्याही घरात घडू शकतं. नवरात्रात उपवास धरला पण गोळी चालूच ठेवली, हेही तसंच. उपवासाआधी डोस बदलून घ्यायला डॉक्टरांना विचारा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, सातच्या आत ठेवण्याचा हट्ट ऐंशीच्या माणसाला कशाला, हेही विचारा. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या माणसासाठी आठच्या आसपासचा आकडा बहुतेकदा चालवून घेतात, आणि ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी या वयात टाळतात.